गंधर्वाचा शालू आणि नाच्याचे लुगडे

१

वेल्ह्याहून मढे घाटाकडे जाताना पासली हे गाव लागते. त्यापुढे केळद, आणि केळदच्या पुढे सह्याद्रीचा कडा. पावसाळ्यात भाताची खाचरे आणि उन्हाळ्यात पोटासाठी पुण्या-मुंबईची वाट, असा हा मुलूख. या भागात शिक्षक म्हणून असताना आमच्या काही तरुणांनी जयंतीच्या आठवड्यात वस्तीवर दोन रात्री दोन चित्रपट दाखवले. समाजमंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली आणि माणसे सतरंजीवर बसली. पहिल्या रात्री ‘बालगंधर्व’, दुसऱ्या रात्री ‘नटरंग’. हा क्रम कोणी विचार करून लावला नव्हता. जे हाताशी आले ते लावले गेले.

दुसऱ्या रात्री चित्रपट संपल्यावर कोणी लगेच उठले नाही. मग एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारले, “गुरुजी, लुगडं तर दोघं बी नेसलं. मग कालच्यावर फुलं पडली आन् आजच्याला लोकांनी चिरडला, ते का वं?”

माझ्यापाशी त्या वेळी उत्तर नव्हते. दोघांची कला वेगळी, काळ वेगळा, रंगभूमी वेगळी असे काहीतरी मी पुटपुटलो. बाईंचे समाधान झाले नाही, माझेही झाले नाही. प्रस्तुत लेख हे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. प्रश्न साधा दिसतो, पण तो मराठी संस्कृतीच्या मुळाशी जातो. पुरुषाने स्त्रीवेश घेणे ही कृती एकच. तिचे मोल मात्र दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी ठरले. हे मोल कोणी ठरवले आणि कशाच्या आधाराने ठरवले, हे तपासल्याखेरीज आपल्याला आपला सांस्कृतिक इतिहास कळणार नाही.

२

‘नटरंग’ १ जानेवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. ‘बालगंधर्व’ मे २०११ मध्ये आला. दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक एकच, रवी जाधव. एकाच दिग्दर्शकाने सोळा-सतरा महिन्यांच्या अंतराने स्त्रीवेशातल्या दोन पुरुषांच्या कथा सांगितल्या आणि महाराष्ट्राने दोन्ही उचलून धरल्या. त्यामुळे हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहण्याची संधी आपोआपच मिळते. आमच्या समीक्षकांनी ती फारशी घेतली नाही. त्यांनी एकाचा विचार संगीत नाटकाच्या वैभवाच्या खात्यात केला, दुसऱ्याचा लोककलेच्या खात्यात. ही खाती वेगळी पाडण्यातच अर्धा घोटाळा आहे.

नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा, ब्राह्मण कुटुंबातला. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना ‘बालगंधर्व’ म्हटले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना आश्रय दिला, कानाच्या दुखण्यावर उपचाराची सोय केली आणि किर्लोस्कर मंडळीचे दार त्यांच्यासाठी उघडून दिले. १९०५ साली ते शकुंतला म्हणून उभे राहिले. ‘मानापमान’मधली भामिनी, ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, ‘एकच प्याला’मधली सिंधू या त्यांच्या भूमिकांनी एका पिढीला वेड लावले. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी त्यांची मुलगी वारली, तरी त्यांनी प्रयोग केला. हे सारे महाराष्ट्राला पाठ आहे. उच्चवर्णीय घरांतल्या स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखे केस बांधू लागल्या, हेही पाठ आहे. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी ते गेले आणि पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उभे राहिले.

त्यांच्या गळ्याविषयी आमची तक्रार नाही. ते मोठेच होते. प्रश्न गळ्याचा नाही, वेशाचा आहे. पहिला सूर लागण्यापूर्वी, पडदा वर जाताच, शालू नेसलेल्या त्या पुरुषाकडे प्रेक्षक ज्या आदराने पाहत होता, तो आदर कुठून आला? आणि फडावर नाच्या आला की पहिला शब्द फुटण्यापूर्वीच जी शिट्टी वाजते, ती कुठून येते?

३

याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पेशवाईच्या उत्तरकाळात तमाशात बाई नव्हती. मिसरूड न फुटलेला मुलगा लुगडे नेसून नाचे, त्याला ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत. लावण्या रचणाऱ्या शाहिरांमध्ये ब्राह्मणापासून शिंप्यापर्यंत अनेक जातींचे लोक होते. पण ढोलकी, हलगी, तुणतुणे आणि नाच यांचा भार प्रामुख्याने महार, मांग आदी जातींच्या खांद्यावर होता. गावगाड्यात ज्यांनी वाजवायचे आणि नाचायचे त्यांची जात आधीच ठरलेली होती. रामजोशी या ब्राह्मण शाहिराने तमाशाचा नाद केला तेव्हा त्याचे आख्यान झाले. १९४७ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या नाच्या पोऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी तमाशात स्त्री आली. ही स्त्री कोण होती? ती महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आली. संगमनेरजवळच्या हिवरगाव पावशाची पवळा ही त्यातली सर्वांत गाजलेली. ती महार समाजातली. तिच्यासोबत फड उभा करणारे पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. जात टाकून तमाशात आलेला शाहीर म्हणून बापूरावांच्या त्यागाचे पोवाडे गायले जातात. पवळेने काय टाकले याचा हिशोब कोणी मांडला नाही, कारण तिच्यापाशी टाकण्यासारखे काही होते असेच कोणी मानले नाही.

याच काळात संगीत नाटकाच्या रंगभूमीवर मात्र बाई येऊ शकत नव्हती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हापासून स्त्रीभूमिका पुरुष करीत आले. भाऊराव कोल्हटकरांनी केली, केशवराव भोसल्यांनी बालपणी शारदा केली, बालगंधर्वांनी तर ती परंपरा शिखरावर नेली. का? कारण घरंदाज स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे हा कुळाला डाग होता. तिचे सौंदर्य, तिचा लाडिकपणा, तिचा विरह हे सारे पाहायला पांढरपेशा प्रेक्षकाला हवे होते. ती स्वतः मात्र दिसायला नको होती. म्हणून तिच्या जागी एक पुरुष उभा केला गेला.

आता ही दोन चित्रे एकत्र पाहा. घरची बाई झाकता यावी म्हणून संगीत रंगभूमीने पुरुषाला शालू नेसवला. आणि दारची बाई पाहता यावी म्हणून तमाशाने महारा-मांगाच्या, कोल्हाट्याच्या मुलीच्या पायात चाळ बांधले. एकीची अब्रू राखण्यासाठी जो पुढे आला तो गंधर्व. दुसरीला मुळी अब्रूच नाही असे गृहीत धरल्यावर तिच्याशेजारी जो उरला तो नाच्या. दोघांच्या अंगावरचे वस्त्र एकच, पण एकाचा शालू उच्चवर्णीय स्त्रीच्या इभ्रतीवरून आलेला होता आणि दुसऱ्याचे लुगडे दलित स्त्रीच्या अप्रतिष्ठेवरून. पासलीच्या बाईंच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. फुले आणि दगड माणसावर पडत नव्हते. ज्या बाईची जागा तो भरत होता, तिच्या जातीवर ते पडत होते.

जातीच्या या न्यायाचा आणखी एक पुरावा चित्रपटाच्या जन्मातच सापडतो. १९१३ साली दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ करीत होते. तारामतीची भूमिका करायला कोणी स्त्री तयार होईना. शेवटी मुंबईच्या एका उपाहारगृहाच्या भटारखान्यात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता दोन्ही त्यांनीच केले. भारतीय चित्रपटाची पहिली नायिका हा एक कामकरी पुरुष होता. त्याच्या नावाचे रंगमंदिर कुठे आहे?

४

बाई फडावर आल्यानंतर नाच्याचे काम बदलले. आता स्त्री होण्याची गरज उरली नाही, म्हणून तो स्त्रीसारखा पुरुष झाला. त्याचे हावभाव, टाळी, मुरका, नाकातला आवाज यांतून हसू निर्माण करायचे. गण झाला की गवळण येते. गवळणीत मावशी असते आणि मावशी हा पुरुषच असतो. पेंद्याशी तिची झकाझकी होते, मग बतावणी, मग वग. या साऱ्यात नाच्याला तालाचे पक्के भान आणि हजरजबाबीपणा लागतो. समोरच्या गावात काय चालले आहे ते हेरून त्यावर जागच्या जागी टोला मारावा लागतो. लिहिलेली संहिता नसते. हे काम सोपे नाही.

पण नाच्याचे खरे काम आणखी एक होते आणि त्याकडे आमच्या अभ्यासकांचे लक्ष गेलेले नाही. दौलतजादा करणारा माणूस नोट दाखवून नाचणारीला जवळ बोलावतो. त्या वेळी नाच्या मध्ये येतो. तो मुरका मारतो, पाटलाची थट्टा करतो, नोट आपण घेतो, अंगचटीला आलेला हात हसत हसत दूर सारतो. बाईवर यायचा अपमान तो आपल्या अंगावर घेतो. प्रेक्षक हसतो आणि बाई वाचते. गावचा मानकरी आणि फडावरची दलित स्त्री यांच्यामध्ये उभी असलेली ही एक हलती भिंत होती. तिच्यावर सगळे थुंकले, पण ती उभी राहिली. नाच्याकडे या दृष्टीने पाहिले तर त्याचा मुरका हा केवळ चाळा राहत नाही. ज्याच्यापाशी काठी नाही त्याने शोधलेले ते हत्यार ठरते.

५

मराठी चित्रपटात हे हत्यार ज्यांच्या हाती आले ते गणपत पाटील. जन्म १९२०, कोल्हापूर. अण्णा भाऊ साठे यांचाही जन्म त्याच वर्षीचा. अण्णा भाऊंनी तमाशाचे लोकनाट्य केले, गणातला गणपती काढून तिथे मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन आणले, गवळण गाळली. गणपत पाटील दुसऱ्या वाटेने गेले. गरिबीतून आलेला हा नट नाटकातून चित्रपटात शिरला आणि तमाशापटांच्या लाटेत नाच्या म्हणून स्थिरावला. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने ती लाट उंच नेली, पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात तो १३१ आठवडे चालला. त्यानंतर ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५) अशी रांगच लागली. तमाशापट म्हटला की ढोलकी, लावणी, पाटील आणि नाच्या हे ठरूनच गेले.

या तमाशापटांनी एक चलाखी केली. फडावरचा नाच्या बाईच्या बाजूने उभा असे; पडद्यावरच्या नाच्याला त्यांनी केवळ हसण्याचा विषय केले. प्रेक्षक आणि फड यांच्यातले जिवंत भांडण गेले, उरला तो फक्त मुरका. पाटलाची थट्टा करणारा नाच्या पाटलाच्या करमणुकीचा नाच्या झाला. तरीही गणपत पाटलांनी त्या चौकटीत असे काम केले की नाच्या म्हटले की त्यांचाच चेहरा डोळ्यांपुढे यावा.

हेच यश त्यांच्या मुळावर आले. दुसऱ्या भूमिका मिळेनाशा झाल्या. त्याहून वाईट म्हणजे लोकांनी पडदा आणि घर यांतला फरकच पुसून टाकला. घरात पत्नी आणि मुले असलेल्या या माणसाच्या पुरुषत्वाची चर्चा चव्हाट्यावर झाली आणि तिची झळ त्यांच्या कुटुंबाला लागली. ‘रंग नटेश्वराचे’ हे त्यांचे आत्मकथन. मानसन्मान अखेरच्या काळात थोडेफार आले. २३ मार्च २००८ रोजी ते गेले.

बालगंधर्वांनी हयातभर स्त्री साकारली. त्यांच्या मुलाबाळांना कोणी असे विचारल्याचे ऐकिवात नाही. रंगमंचावरची भामिनी आणि घरचे नारायणराव यांतला फरक प्रेक्षकाला व्यवस्थित कळत होता. मग नाच्याच्या बाबतीतच तो का कळू नये? कारण अभिजनांच्या कलावंताला ‘भूमिका’ असते आणि खालच्या थरातल्या कलावंताला फक्त ‘जात’ असते, असे आपली व्यवस्था मानते. वरचा माणूस लुगडे नेसतो तेव्हा तो अभिनय करतो. खालचा नेसतो तेव्हा तो तसाच असतो. जन्माने मिळालेल्या कामातून ज्याला सुटका नाही त्याला सोंग तरी कसे असणार, हे वर्णव्यवस्थेचे तर्कशास्त्र इथेही चालते. गणपत पाटलांची जात कोणती हा मुद्दा इथे गौण आहे. त्यांनी अंगावर घेतलेल्या भूमिकेची जात ठरलेली होती, आणि भूमिकेने ती जात त्यांना चिकटवली.

बालगंधर्वांचे आयुष्य सुखाचे गेले असे मात्र कोणी समजू नये. गंधर्व नाटक मंडळी कर्जात बुडाली. उतारवयात हाल झाले. गोहरबाई कर्नाटकी या मुसलमान गायिकेशी त्यांचे नाते जुळले तेव्हा, त्यांना डोक्यावर घेऊन नाचलेल्या याच समाजाने नाके मुरडली. खोट्या स्त्रीची पूजा करणाऱ्यांना खरी स्त्री, आणि तीही परधर्मातली, सोसवली नाही. गंधर्वाचे गंधर्वपणही कुळाच्या कुंपणाच्या आतच चालणारे होते, हे यावरून ध्यानात यावे.

६

आता ‘नटरंग’कडे वळू. आनंद यादवांच्या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला. गुणा कागलकर हा दणकट शरीराचा शेतमजूर. तमाशाचे वेड. फड उभा करायचा तर नाच्या हवा, आणि कोणीच तयार होत नाही. शेवटी गुणा स्वतः नाच्या होतो. फड गाजतो, पण घर तुटते. बायको तोंड फिरवते, गाव हसते, राजकारणाच्या साठमारीत तो सापडतो आणि त्याच्यावर पुरुषांकडून बलात्कार होतो. अखेरीस म्हातारपणी त्याचा सत्कार होतो. अतुल कुलकर्णी यांनी या भूमिकेसाठी शरीर कमावले आणि नंतर घटवले, त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. एका शेतमजुराच्या कलासक्तीला नायकपद देणारा हा चित्रपट आहे, हेही मान्य केले पाहिजे.

तरीही चित्रपटाच्या करुणेत एक खोट आहे. प्रेक्षकाने गुणासाठी रडावे म्हणून चित्रपट आधी त्याचे पीळदार शरीर दाखवतो, त्याची बायको आणि मूल दाखवतो. जणू तो सांगतो, ‘हा माणूस तसा नाही, म्हणून याच्यावर झालेला अन्याय मोठा.’ आम्ही विचारतो, तसा असता तर? गुणाच्या चालण्यातला मुरका सोंगाचा नसता, त्याच्या स्वभावातला असता, तर तो बलात्कार कमी गंभीर ठरला असता काय? गणपत पाटलांविषयी हळहळणारेही असेच बोलतात. ‘बिचारा चांगला संसारी माणूस होता हो, लोकांनी उगाच काहीबाही म्हटले.’ या हळहळीत हिजड्याविषयीची घृणा तशीच शाबूत राहते. आरोप खोटा होता एवढेच म्हटले जाते. तो आरोप आहे हे मात्र गृहीतच धरले जाते.

एखाद्या सवर्ण गृहस्थाला चुकून कोणी महार समजले आणि विहिरीवर अडवले, तर ‘अरे, तो महार नाही’ असे सांगून त्याला सोडवणारा माणूस अस्पृश्यतेविरुद्ध लढत नसतो. तो फक्त यादी दुरुस्त करीत असतो. ‘नटरंग’ने यादी दुरुस्त केली. विहीर होती तशीच राहिली.

‘बालगंधर्व’ला अशी सफाई देण्याची गरजच भासत नाही. सुबोध भाव्यांचा नारायणराव शालू नेसून येतो आणि कॅमेरा जरीकाठावरून, दागिन्यांवरून भक्तिभावाने फिरतो. तिथे वेश हे वैभव आहे, पडझड कर्जामुळे होते. ‘नटरंग’मध्ये वेश हीच पडझड आहे. एकाच दिग्दर्शकाच्या हाताने, बहुधा नकळत, समाजाची दोन मापे पडद्यावर उतरली आहेत. या नकळतपणाचेच मोल आमच्या लेखी मोठे आहे, कारण संस्कार नकळतच बोलतात.

७

इथवर इतरांना जाब विचारला. आता स्वतःकडे पाहू.

महाडच्या सत्याग्रहासाठी पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून देणगी देऊ केली आणि बाबासाहेबांनी ती नाकारली, अशी हकीकत आपल्या चळवळीत सांगितली जाते. आमच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. ती समजण्यासारखी आहे. ज्या समाजाच्या स्त्रीला सगळे गाव आपली मालमत्ता समजत होते, त्या समाजाला आधी माणूस म्हणून उभे राहायचे होते. सत्यशोधक जलशांनी आणि पुढे आंबेडकरी जलशांनी शृंगारिक गण-गवळण बाजूला सारली, ती याच गरजेतून. भीमराव कर्डकांनी १९७८ साली ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या ग्रंथात हा इतिहास नोंदवून ठेवला.

त्या जलशांतही स्त्रीभूमिका पुरुषच करीत. पण तिथे लुगडे नेसून उभा राहिलेला पुरुष पोराला शाळेत धाडणारी आई होई, दारूड्या नवऱ्याला जाब विचारणारी बायको होई. समोर आपलीच माणसे बसलेली असत, आणि त्या लुगड्याला कोणी शिट्टी मारीत नसे. म्हणजे घरंदाज बाईला झाकणारा शालू आणि दलित बाईच्या अप्रतिष्ठेत भिजलेले लुगडे यांखेरीज एक तिसरा मार्गही मराठी रंगभूमीवर होता, आणि तो आपल्या लोकांनी काढला होता. स्त्रीवेश हे विचार सांगण्याचे साधन होऊ शकते, हे त्यांनी खेड्यापाड्यांत दाखवून दिले. रंगभूमीच्या इतिहासकारांनी या तिसऱ्या लुगड्याची नोंद क्वचितच घेतली.

परंतु तमाशाचा त्याग करताना आपण तमाशातल्या माणसांचाही त्याग केला काय? बाईला ‘आमची लेक’ म्हणण्याइतके पुढे यायला आपल्याला पुष्कळ काळ लागला. विठाबाई नारायणगावकरांसारखी मांग समाजातली कलावती राष्ट्रपतींकडून सन्मान घेऊनही अखेर हलाखीत गेली, तेव्हा थोडी लाज वाटली. शैलजा पाईक यांनी २०२२ साली तमाशातल्या दलित स्त्रियांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, तेव्हा अश्लीलतेचा शिक्का जातीतून कसा येतो याची चर्चा जगभर गेली. नाच्याला मात्र आपल्या साहित्यात अजून कोणी ‘आमचा’ म्हटलेले नाही. तो आपल्या वस्तीतून गेला, आपल्या जत्रेत नाचला, आणि आपणही त्याला हसलो. विद्रोहाच्या भाषेतसुद्धा ‘नामर्द’, ‘बांगड्या भरा’ हे शब्द आपण बिनदिक्कत वापरतो. वर्णव्यवस्थेला नकार देणाऱ्या ओठांवर हे शब्द कसे राहिले?

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना आपली ओळख सांगण्याचा हक्क मान्य केला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी समलैंगिक संबंधांवरचा गुन्ह्याचा ठपका पुसला गेला. दिशा पिंकी शेख यांच्यासारखी कवयित्री आपल्याच चळवळीच्या व्यासपीठावरून बोलते. नाच्या ही भूमिका आहे आणि हिजडा ही ओळख आहे. दोन्ही एक नव्हेत, आणि दोन्हींपैकी एकही शिवी नव्हे. हे दोन्ही एकाच दमात म्हणता आले पाहिजे. एवढे समीक्षेने केले तरी पुरे.

८

पासलीच्या त्या रात्रीविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. माझ्या वर्गात एक मुलगा होता. आवाज बारीक आणि गोड. भीमगीते म्हणायला उभा राहिला की माणसे कान देत. बोलताना त्याचे हात जरा जास्त हलत. पोरे त्याला ‘नाच्या’ म्हणत. मी ते रोज ऐकत होतो. ‘गप्प बसा रे’ यापलीकडे मी कधी काही बोललो नाही. नाच्या म्हणजे कोण, त्याने काय केले, त्याला का हसायचे नाही, हे सांगायला मला स्वतःलाच ठाऊक नव्हते. पुढे त्याने गाणे सोडले. नंतर शाळाही सोडली. ‘नटरंग’ लावला त्या रात्री तो मागच्या भिंतीला टेकून उभा होता. बाईंनी प्रश्न विचारला तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. तो मात्र त्या म्हाताऱ्या बाईंकडे पाहत होता.

आज कोणी मला विचारले की बालगंधर्वांसारखे रंगमंदिर नाच्यासाठी बांधायचे काय, तर मी म्हणेन की आधी वर्गात ती एक शिवी थांबवा. जलशांच्या इतिहासात लुगडे नेसून उभ्या राहिलेल्या आपल्या पूर्वजांची नावे गोळा करा. ते जुने लोक गावोगाव संपत चालले आहेत. त्यांच्यापाशी बसा आणि लिहून घ्या. फडावर बाईच्या पुढे उभा राहून जो गावाचा हात हसत हसत झटकत होता, त्याची कहाणी ‘संसारी होता बिचारा’ असल्या सफाईशिवाय लिहा. आणि वस्तीवर पुन्हा कधी चादर ताणून ‘नटरंग’ लावलात, तर तो संपल्यावर दिवे लावायची घाई करू नका. कोणी प्रश्न विचारील. या वेळी मास्तरापाशी उत्तर असले पाहिजे.